जमिनीला बांधलेला अग्निबाण

२०२५ च्या पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या एका शाळेत चांद्रयानावर बोलायला गेलो होतो. चित्रे दाखवून झाली, टाळ्या झाल्या, आणि नेहमीप्रमाणे ‘काही शंका?’ असे विचारून मी पाणी प्यायला वळलो. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी उभी राहिली. ‘‘सर, इंजिन पैल्यांदा चालवून पाहतेत, तवा ते उडून नाई जात का जी?’’ वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला : ‘‘अन् फुटलं तं?’’

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हसले नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तिथे स्फोटके आणि प्रणोदके, म्हणजे तोफगोळा किंवा अग्निबाण पुढे ढकलणारी जळाऊ द्रव्ये, तयार होतात. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. तो आवाज जिल्ह्यातल्या अनेक मुलांनी स्वतः ऐकला होता. त्यामुळे ‘फुटलं तं?’ हा प्रश्न या मुलांसाठी पुस्तकी नव्हता.

तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत देता येते. दुसऱ्याचे देण्यासाठी जर्मनीतल्या एका ओसाड जागेचा इतिहास सांगावा लागतो. ही जागा म्हणजे एकेकाळचे जगातले सर्वांत मोठे अग्निबाण-इंजिन चाचणी केंद्र. तिथून निघालेली ज्ञानाची एक वाट फ्रान्समधून आपल्या विक्रोळीपर्यंत आली आहे. ही वाट विद्यार्थ्यांना सांगताना काय सांगायचे आणि काय वगळायचे, हा प्रश्न आपल्यापुढे, शिक्षकांपुढे, आहे. म्हणून हा लेख.

आधी एक प्रयोग

दिवाळीतला बाण आपण बाटलीत ठेवून सोडतो. तो बाटलीसकट जमिनीला घट्ट बांधला आणि पेटवला तर काय होईल? बाण उडणार नाही, पण जळेल. जळताना तो बांधलेल्या दोरीला किती जोराने ओढतो हे मोजता येईल. इंजिन न उडवता त्याचा जोर मोजणे, हीच ‘स्थिर चाचणी’. खरा बाण घेऊन हा प्रयोग कोणीही करू नये. त्याऐवजी फुगा घ्यावा.

फुग्याच्या तोंडात शीतपेयाची नळी रबराने घट्ट बसवा. नळीतून फुगा फुगवा आणि नळी दुमडून चिमटा लावा. एक-एक ग्रॅम दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर पेला ठेवून, नळी सरळ वर येईल अशा बेताने फुगा त्यात चिकटपट्टीने पक्का करा. आता चिमटा काढा. हवा वर जात असताना काट्याने दाखवलेले वजन लिहून घ्या. हवा संपल्यावरचेही लिहा. हवा वेगाने जात असतानाचा आकडा काही ग्रॅमनी जास्त येतो. हवा वर जाते, म्हणून फुगा खाली रेटला जातो आणि तो रेटा काटा दाखवतो. न्यूटनचा तिसरा नियम इथे ग्रॅममध्ये मोजता येतो.

या प्रयोगात मुलांना आणखी एक गोष्ट दिसते. नळी बारीक घेतली तर काय, जाड घेतली तर काय, तिरकी बसली तर काय, हे फुगा हातातून सोडून कधीच कळत नाही. सोडलेला फुगा खोलीभर भिरभिरतो आणि कपाटामागे जाऊन पडतो. बांधलेला फुगा मात्र आपल्यासमोर राहतो आणि पुन्हा पुन्हा तपासता येतो. अग्निबाणाचेही तसेच आहे. उडालेला बाण फुटला तर अवशेष समुद्रात जातात. चौथऱ्याला बांधलेले इंजिन फुटले तर त्याचे तुकडे आणि आकडे दोन्ही हाती लागतात. म्हणून इंजिनाचे खरे शिक्षण जमिनीवरच होते.

कुमर्सडॉर्फचा पहिला धडा

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या तोफखान्यावर कडक मर्यादा घातल्या होत्या. अग्निबाणांचा त्यात उल्लेख नव्हता. जर्मन लष्कराने ही फट हेरली आणि बर्लिनच्या दक्षिणेला कुमर्सडॉर्फ येथील तोफखाना मैदानात द्रवरूप इंधनाच्या इंजिनांवर काम सुरू केले. प्रमुख होते वाल्टर डोर्नबर्गर हे अधिकारी. त्यांनी १९३२ मध्ये एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला कामावर घेतले. त्याचे नाव वेर्नहर फॉन ब्राउन.

२१ डिसेंबर १९३२ च्या रात्री तिथे पहिली चाचणी झाली. इंजिन पेटवायचे कसे, तर फॉन ब्राउन लांब काठीच्या टोकाला पेटत्या पेट्रोलचा डबा बांधून इंजिनाच्या तोंडाशी धरून उभा! इंधन आणि प्राणवायू यांच्या झडपा उघडल्या, ज्वाला धरायला क्षणभर उशीर झाला, तेवढ्यात दोन्ही द्रव्ये साचली आणि सगळा चौथरा उडाला. सुदैवाने कोणी दगावले नाही. गॅसची शेगडी चालू करून काडी उशिरा लावली की जे होते, तेच इथे हजारपटीने झाले होते.

दैव नेहमीच साथ देत नाही. जुलै १९३४ मध्ये कुमर्सडॉर्फलाच कुर्ट वाम्के या संशोधकाने हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्कोहोल आधीच एकत्र मिसळून इंजिनात सोडून पाहिले. टाकीच फुटली. वाम्के आणि त्यांचे दोन सहकारी ठार झाले. इंधन आणि ऑक्सिडीकारक ज्वलनकक्षात पोहोचेपर्यंत वेगळे ठेवावेत, हे आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात एका ओळीत मिळते. त्या ओळीची किंमत तीन माणसांनी दिली आहे.

पेनेम्युंडे

इंजिने मोठी होऊ लागली तसे कुमर्सडॉर्फ अपुरे पडू लागले. बाल्टिक समुद्राच्या काठावर उसेडोम बेटाच्या टोकाला पेनेम्युंडे नावाचे कोळ्यांचे गाव होते. समोर मोकळा समुद्र, मागे पाइनचे जंगल, जवळपास वस्ती विरळ. ही जागा फॉन ब्राउनला त्याच्या आईने सुचवली म्हणतात. तिचे वडील तिथे बदकांच्या शिकारीला जात. १९३६ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९३७ मध्ये मंडळी तिकडे हलली.

एकामागून एक चाचणी-चौथरे उभे राहिले. चौथरा क्रमांक एक शंभर टनांपर्यंतचा रेटा सोसेल असा बांधला होता. सर्वांत प्रसिद्ध चौथरा क्रमांक सात. त्याभोवती वाळूचा लंबवर्तुळाकार बांध होता. आत काँक्रीटचा खोल चर होता, ज्यातून ज्वाला बाजूला वळवली जाई आणि पाण्याने थंड ठेवली जाई. बांधामुळे समुद्रावरचा वारा आणि उडणारी वाळू अडे. द्रवरूप प्राणवायू बनवायला प्रचंड वीज लागे. त्यासाठी वेगळे वीजकेंद्र उभारले गेले. ही इमारत लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी ती पुन्हा येईल.

इथे तयार झालेल्या अग्निबाणाचे नाव ए-४. जगाला तो पुढे व्ही-२ या नावाने माहीत झाला. त्याच्या इंजिनाचा रेटा २५ टन होता. हा आकडा वर्गात फळ्यावर पडताळून पाहता येतो. इंजिनात दर सेकंदाला सुमारे १२५ किलो द्रव्य जळे. वायू बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला सुमारे २००० मीटर. रेटा म्हणजे या दोहोंचा गुणाकार : १२५ × २००० = २,५०,००० न्यूटन. साधारण १० न्यूटन म्हणजे एक किलोचे वजन धरले तर हे झाले २५,००० किलो, म्हणजेच २५ टन. फुग्याच्या प्रयोगातले काही ग्रॅम आणि हे २५ टन यांत नियम एकच आहे.

वाल्टर थील यांची युक्ती

नियम एक असला तरी अडचणी एक नव्हत्या. इंजिनाचे काम वाल्टर थील या रसायनशास्त्रज्ञाकडे होते. त्यांच्यापुढे मुख्यतः दोन प्रश्न होते.

पहिला प्रश्न फवाऱ्याचा. अल्कोहोल आणि द्रवरूप प्राणवायू ज्वलनकक्षात इतक्या बारीक थेंबांत आणि इतके एकसारखे मिसळायला हवेत की कक्षातून बाहेर पडण्याआधीच सगळे जळून जावे. थील यांच्याकडे दीड टन रेट्याच्या छोट्या इंजिनाचा उत्तम चाललेला फवारा होता. तोच मोठा करून २५ टनांच्या इंजिनाला बसवावा, तर ज्वलन बिघडे. शेवटी त्यांनी एक जुगाड केला. एका मोठ्या कक्षाच्या डोक्यावर तेच छोटे अठरा फवारे बसवले, बारा बाहेरच्या वर्तुळात आणि सहा आतल्या. इंजिनाचे डोके आप्पेपात्र पालथे घातल्यासारखे दिसू लागले. युक्ती सुंदर नव्हती, कारखान्यात बनवायला किचकटच होती, पण चालली.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. कक्षातले तापमान अडीच हजार अंश सेल्सियसच्या वर जाई. पोलाद दीड हजाराच्या आसपास वितळते. मग भिंत टिकते कशी? इंधन म्हणून जाणारे अल्कोहोल आधी भिंतीच्या दोन पत्र्यांमधून फिरवले, म्हणजे ते भिंतीची उष्णता घेऊन पुढे जळायला जाई. तेवढ्याने भागेना, म्हणून भिंतीला बारीक छिद्रांच्या रांगा पाडून आतल्या बाजूने अल्कोहोलचा पातळ पापुद्रा सोडला. ज्वाला आणि धातू यांच्यामध्ये इंधनाचाच पडदा! कागदाच्या द्रोणात पाणी उकळता येते, कारण पाणी कागदाची उष्णता ओढून घेते. त्याचेच हे मोठे भावंड म्हणता येईल.

हे सगळे चौथऱ्यावर इंजिने जाळून, फोडून, वितळवून समजले. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी चौथरा क्रमांक सातवरून सुटलेला ए-४ सुमारे ८५ किलोमीटर उंचीवर गेला. तोपर्यंत माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू अवकाशाच्या इतक्या जवळ पोहोचली नव्हती.

चौथऱ्यामागची माणसे

अनेक पुस्तकांत पेनेम्युंडेची गोष्ट इथे संपते आणि पुढच्या पानावर चंद्र येतो. मधली काही वर्षे मात्र वगळता येत नाहीत.

पेनेम्युंडेचे रस्ते, चर आणि चौथरे बांधायला हजारो माणसे राबत होती. त्यांत पोलंड आणि इतर जिंकलेल्या देशांतून आणलेले वेठबिगार होते. १९४३ च्या उन्हाळ्यात तिथे अग्निबाणाच्या उत्पादनासाठी छळछावणीतले कैदी आणले गेले. त्याच वर्षी १७ ऑगस्टच्या रात्री ब्रिटनच्या सुमारे सहाशे विमानांनी पेनेम्युंडेवर बॉम्बफेक केली. लक्ष्य होते शास्त्रज्ञांची वसाहत आणि कारखाना. पहिल्या खुणेचे दिवे चुकून दूर पडले आणि त्यामुळे अनेक बॉम्ब परदेशी मजुरांच्या छावणीवर पडले. त्या रात्री तिथे सातशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य हे मजूर होते. वाल्टर थील, त्यांची पत्नी आणि मुलेही त्याच रात्री गेली.

हल्ल्यानंतर उत्पादन जर्मनीच्या मध्यभागी हार्त्स डोंगरातल्या बोगद्यांत हलवले गेले. कारखान्याचे नाव मिटेलवेर्क, शेजारच्या छळछावणीचे नाव डोरा. युद्ध संपेपर्यंत डोराच्या छावण्यांतून सुमारे ६०,००० कैदी गेले आणि त्यांतले अंदाजे २०,००० मेले. कोणी उपासमारीने, कोणी रोगाने, कोणी फासावर. ८ सप्टेंबर १९४४ पासून व्ही-२ लंडनवर पडू लागला. एकूण तीन हजारांवर बाण सोडले गेले आणि त्यांनी हजारो नागरिक मारले. तरीही इतिहासकारांचा हिशेब असा आहे, की हा बाण अंगावर पडून जितकी माणसे मेली, त्यांपेक्षा अधिक तो बनवताना मेली.

१२५ गुणिले २००० हे गणित या माणसांमुळे बदलत नाही. पण ते गणित ज्या जागी सुटले, त्या जागेचा इतिहास त्यांच्यावाचून पुरा होत नाही.

वाट फ्रान्सकडे वळते

मे १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा पेनेम्युंडेला पोहोचल्या. यंत्रे नेली गेली, चौथरे उद्ध्वस्त झाले. जागा संपली, पण तिथे शिकलेले मनुष्यबळ होतेच, आणि जिंकणाऱ्या देशांत त्याची वाटणी झाली. फॉन ब्राउन आणि त्यांचे निवडक सहकारी अमेरिकेला गेले. चंद्रावर माणसे नेणारा सॅटर्न-५ पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला. काही जण सोव्हिएत संघात गेले. काही फ्रान्सने नेले.

फ्रान्समध्ये पॅरिसच्या वायव्येस, सेन नदीच्या काठी व्हेर्नों नावाचे गाव आहे. नदीपलीकडे काही किलोमीटरवर चित्रकार क्लोद मोने यांची प्रसिद्ध कमळांची बाग. १९४६ मध्ये व्हेर्नोंच्या जंगलात फ्रेंच लष्कराने क्षेपणविद्येची एक प्रयोगशाळा उभारली आणि पेनेम्युंडेच्या काही तंत्रज्ञांना तिथे कामाला लावले. त्यांच्यात कार्ल-हाइन्त्स ब्रिंगर होते. पेनेम्युंडेला त्यांनी इंजिनाचा पंप फिरवण्यासाठी लागणारा वायू कसा निर्माण करावा यावर काम केले होते.

व्हेर्नोंच्या चौथऱ्यांवर पहिल्यांदा तयार झालेला अग्निबाण म्हणजे व्हेरोनिक. आपल्या मुलांना आवडेल अशी त्याची एक आठवण आहे. १८ ऑक्टोबर १९६३ रोजी या जातीच्या बाणातून फेलिसेत नावाची मांजर अवकाशात जाऊन जिवंत परत आली. पुढे ब्रिंगर आणि सहकाऱ्यांनी थील यांचे अठरा फवाऱ्यांचे डोके बाजूला ठेवून सोपी रचना केली. कक्षाच्या वरच्या भागात एक गोल कडे आणि त्याच्या परिघावर असंख्य छिद्रे. भिंत वाचवायला इंधनाचा पडदा मात्र कायम राहिला. या मालिकेतले सर्वांत मोठे इंजिन म्हणजे व्हायकिंग. युरोपच्या एरियान अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात अशी चार इंजिने होती. एरियानचे पहिले उड्डाण २४ डिसेंबर १९७९ रोजी यशस्वी झाले.

दुसरे, २३ मे १९८० चे, फसले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत अग्निबाण नष्ट झाला. चारपैकी एका इंजिनात ज्वलन अस्थिर झाले होते. ही अस्थिरता वर्गात समजावणे सोपे आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली एका ठरावीक सुरात वाजते. ज्वलनकक्षातल्या वायूलाही असा स्वतःचा सूर असतो. ज्वाला त्या सुरात फडफडू लागली, की दाबाची लाट ज्वालेला आणि ज्वाला लाटेला बळ देते. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत गेल्यासारखे हे वाढत जाते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत पोलाद वितळते किंवा फाटते.

मग पुन्हा चौथरा. फवाऱ्याची छिद्रे बदलून एकेक रचना जमिनीवर जाळून पाहिली गेली. फवाऱ्यात सुधारणा झाली. पुढे इंधनाचे मिश्रणही बदलले. १९ जून १९८१ रोजी एरियान तिसऱ्यांदा उडाला आणि यशस्वी झाला. त्या उड्डाणात युरोपच्या हवामान-उपग्रहासोबत आपला ‘ॲपल’ उपग्रह होता. ॲपल म्हटले की आपल्याला बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचे छायाचित्र आठवते. तोच हा उपग्रह. लाकडी बैलगाडीचा उपयोग त्याच्या संदेशवहनाची चाचणी धातूच्या अडथळ्यावाचून घेण्यासाठी केला होता. तीही एक जमिनीवरची चाचणीच.

व्हेर्नों ते विक्रोळी

व्हायकिंगशी आपला संबंध ॲपलपेक्षा जुना आहे. १९७४ मध्ये इस्रोने फ्रान्सच्या एसईपी या कंपनीशी करार केला. व्हेर्नोंचे इंजिनांचे काम १९७१ पासून या कंपनीकडे आले होते. करार पैशांचा नव्हता, कामाच्या बदल्यात ज्ञानाचा होता. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंते व्हेर्नोंला जाऊन व्हायकिंगच्या विकासात प्रत्यक्ष राबणार, भारत त्यांना दाब मोजणारी उपकरणे पुरवणार, आणि त्याबदल्यात इंजिनाचे तंत्र भारताला मिळणार.

भारतात तयार झालेल्या या इंजिनाला ‘विकास’ हे नाव मिळाले. विक्रम साराभाईंची आठवण त्या नावात आहे. आपल्याकडचे मोठे चाचणी केंद्र तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला उभे राहत होते, ते अजून तयार नव्हते. म्हणून १९८५ मध्ये भारतात बनवलेले इंजिन व्हेर्नोंच्याच चौथऱ्यावर बांधून पेटवले गेले, आणि ते नीट चालले.

विकासचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मुंबईच्या विक्रोळीतील गोदरेजचा कारखाना होता. कपाटे आणि कुलुपे यांमुळे घराघरांत माहीत असलेल्या कंपनीतले कारागीर केसाच्या जाडीच्या अंशात मोजावे लागणारे भाग घडवू लागले. इंजिनातल्या वायुजनकाच्या रचनेत आजही एक गंमत आहे. पंप फिरवणारा वायू फार तापू नये म्हणून त्यात चक्क पाणी फवारतात. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात त्यासाठी पाण्याची वेगळी टाकी असते.

विकासचा रेटा सुमारे ८० टन, म्हणजे ए-४ च्या तिप्पट. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी पीएसएलव्ही पहिल्यांदा यशस्वी झाला, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात हे इंजिन होते. चांद्रयान-१, मंगळयान यांच्या प्रवासातही ते होते. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ला घेऊन एलव्हीएम-३ उडाला, तेव्हा त्याच्या गाभ्यात दोन विकास इंजिने जळत होती.

इथे एक खबरदारी हवी. ‘आपले इंजिन जर्मन आहे’ असे म्हणणे चूक ठरेल. इंधन वेगळे, फवारा वेगळा, पदार्थ वेगळे, आणि मधल्या चाळीस वर्षांत फ्रेंच व भारतीय अभियंत्यांनी स्वतः शोधलेले कितीतरी काही. पण वाट कोणती, असे कोणी विचारले तर ती पेनेम्युंडेच्या चौथऱ्यावरूनच येते. ते नाकारणेही तितकेच चूक.

‘फुटलं तं?’

आज पेनेम्युंडेच्या चौथऱ्यांवर झाडे उगवली आहेत. मोडके काँक्रीट आणि वाळूचा बांध एवढेच उरले आहे. जंगलाचा बराच भाग बंद आहे, कारण जमिनीत अजून युद्धातला दारूगोळा आहे. १९९१ मध्ये तिथल्या जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत संग्रहालय सुरू झाले. पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर १९९२ रोजी, ए-४ च्या यशाला पन्नास वर्षे होत होती. ‘अवकाशयुगाचा जन्मदिवस’ म्हणून तिथे सोहळा करण्याचे जर्मनीतल्या अवकाश-उद्योगाने ठरवले. त्यावर जगभरातून, विशेषतः ब्रिटनमधून, निषेध झाला आणि सोहळा रद्द करावा लागला. संग्रहालय मात्र चालू आहे. तिथे अग्निबाणही आहे आणि कैद्यांचा इतिहासही. मला हा निकाल योग्य वाटतो. जागा पुसून टाकली नाही, आणि तिचा नुसता जयजयकारही केला नाही.

आपल्या वर्गातही असेच करता येईल. त्या मुलीला मी त्या दिवशी दिलेले उत्तर थोडक्यात असे होते. इंजिन उडून जात नाही, कारण ते बांधलेले असते. आणि फुटते, अनेकदा फुटले आहे. फुटलेच तर माणसे दूर असावीत, आकडे हाती राहावेत आणि पुढच्या वेळी ते फुटू नये, यासाठीच चाचणीची जागा असते. ही शिस्त एकदा शिकून संपत नाही. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोटाला घन इंधनाच्या विभागात आग भडकून सहा जण गेले. तेव्हा कुठला चौथरा पेटवलेला नव्हता; रोजचे काम चालले होते. जवाहरनगरचे कामगारही रोजच्या कामावरच होते.

आपण भिंतीवर अग्निबाणाचे चित्र लावतो आणि खाली शास्त्रज्ञाचे नाव लिहितो. त्याशेजारी एक कोरा कागद लावावा, असे मला सुचवायचे आहे. हा बाण उभा राहण्यासाठी कोणाकोणाचे हात लागले, ते मुलांनी त्यावर लिहावे : फवाऱ्याची छिद्रे पाडणारा, प्रणोदक कालवणारा, चर खणणारा, राखण करणारा. भंडाऱ्याच्या मुलांना ही यादी करायला पुस्तक लागणार नाही. त्यांतल्या काहींना तर घरीच विचारता येईल.

त्या मुलीने माझे उत्तर ऐकून घेतले, वहीत काहीतरी लिहिले आणि खाली बसताना एवढेच म्हणाली, ‘‘मंग बांधाले पाह्यजे जी, चांगलं घट्ट.’’